सोसणें आणि शरण जाणें

अन्याय सोसल्यावांचून कोणाचेंही आयुष्य पुरें होत नाहीं. कचेरींत काम एकानें करावें आणि शाबासकी दुसऱ्यानें घ्यावी, असें घडतें. घरांत एखाद्या सुनेच्या वाट्याला विनाकारण संशय येतो. वर्गांत खोडी करणारा निसटतो आणि त्याच्या शेजारीं बसलेला छडी खातो. अशा वेळीं मनांत जो अग्नि पेटतो त्याचें काय करावें, हा प्रश्न जितका धर्माचा तितकाच रोजच्या संसाराचा आहे. ख्रिस्ती धर्मानें त्याला दिलेलें उत्तर पुष्कळांच्या कानांवर एका वाक्प्रचारापुरतें आलेलें असतें: दुसरा गाल पुढें करणें. तो ऐकून कोणी आदरानें मान डोलवितात, कोणी मनांतल्या मनांत हंसतात. पण दोघांचाही समज बहुधा एकच असतो. ख्रिस्ती माणसानें मुकाट्यानें मार खावा आणि मारणाऱ्याला आशीर्वाद द्यावा, एवढाच या शिकवणीचा अर्थ, असें त्यांना वाटतें. हा अर्थ अपुरा आहे. आणि अपुऱ्या अर्थानें या शिकवणीची जेवढी हानि केली तेवढी तिच्या शत्रूंनींही केली नसेल.

महाराष्ट्राला सोशिकपणाची थोरवी नवी नाहीं. पैठणच्या एकनाथमहाराजांची आख्यायिका घरोघर माहीत आहे. गोदेवर स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक उद्धट मनुष्य पुनःपुन्हां थुंकला, आणि नाथ दर वेळीं न रागावतां पुन्हां स्नानास गेले. शेवटीं थकला तो थुंकणाराच. 'शांतिब्रह्म' ही पदवी लोकांनीं नाथांना उगीच दिली नाहीं. परंतु तापलेल्या वाळवंटांत रडणाऱ्या अस्पृश्याच्या मुलाला याच नाथांनीं कडेवर उचलून घेतलें आणि गांवच्या ब्रह्मवृंदाच्या रोषाची पर्वा केली नाहीं, अशीही कथा परंपरेनें जपली आहे. स्वतःच्या अपमानाला उत्तर न देणारा मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळीं कसा ताठ उभा राहतो, हें या दोन कथा शेजारीं ठेवल्या म्हणजे दिसतें. ही जोडी ध्यानांत धरली तर ख्रिस्ती शिकवणीचें मर्म समजण्यास अडचण पडणार नाहीं.

प्रथम शब्दांचा विचार. नवा करार मुळांत ग्रीक भाषेंत लिहिला गेला. पौलानें गलतीकरांस पाठविलेल्या पत्रांत आत्म्याचीं म्हणून जीं नऊ फळें सांगितलीं आहेत, त्यांत मराठी भाषांतराप्रमाणें सहनशीलता, सौम्यता आणि इंद्रियदमन हीं तीन येतात. सहनशीलतेसाठीं मूळ शब्द आहे 'माक्रोथुमिया'. त्याची फोड केली तर लांब आणि क्रोध अशीं दोन पदें निघतात. म्हणजे ज्याचा क्रोध लांबच्या वाटेनें, सावकाश येतो त्याची वृत्ति. सौम्यतेचा जो ग्रीक शब्द आहे त्याच्याशीं सख्खें नातें असलेलें विशेषण जुने ग्रीक लेखक माणसाळविलेल्या घोड्यालाही लावीत. असा घोडा दुबळा नसतो. त्याचें बळ तेवढेंच असतें, फक्त तें लगामाला ओळखतें. इंद्रियदमनासाठीं आलेल्या 'एन्क्रातेइया' या शब्दाच्या पोटांत सत्ता हा अर्थ आहे. ती सत्ता दुसऱ्यावरची नव्हे, स्वतःवरची. या तिघांच्या जोडीला नव्या करारांत आणखी एक शब्द वारंवार भेटतो, 'हुपोमोने'. ओझ्याखालीं उभें असतां पाय न काढणें, असा त्याचा भाव.

या चार शब्दांपैकीं एकाही शब्दांत असहायतेची छटा नाहीं. ज्याला राग येतच नाहीं त्याला संयमाची गरज काय? आणि ज्याला उत्तर देण्याची ताकदच नाहीं त्याच्या गप्प बसण्याला सहनशीलता म्हणणें ही त्याची थट्टा आहे. राग आहे, उत्तर देण्याचें सामर्थ्य आहे, आणि तरीही लगाम हातांत आहे, अशा अवस्थेचें हें वर्णन आहे.

आतां मूळ उपदेशाकडे वळावें. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायांत, डोंगरावरील प्रवचनांत, येशूनें तीन उदाहरणें घेतलीं आहेत: गालावर मारणारा, अंगरखा काढून घेणारा आणि वेठीस धरणारा. यांतलें तिसरें आधीं पाहिलें तर बाकीच्या दोहोंवर उजेड पडतो. त्या काळीं पॅलेस्टाइन देश रोमी सत्तेखालीं होता. वाटेनें जाणाऱ्या कोणाही माणसाला धरून त्याच्याकडून आपलें ओझें वाहविण्याची मुभा रोमी शिपायाला होती. याविषयींचा मूळ शब्द इराणी बादशाहांच्या डाकव्यवस्थेंतून ग्रीक भाषेंत आला. मराठी भाषांतरकारांनीं त्याला 'वेठ' हा अगदीं नेमका शब्द योजिला आहे. पुढें वधस्तंभ वाहण्यासाठीं कुरेनेकर शिमोनाला धरलें तेव्हांही हेंच क्रियापद वापरलेलें आढळतें. अशा वेठीला धरलेल्या माणसाला येशू सांगतो कीं, एक कोस नेलें तर दोन कोस जावें. विचार केला म्हणजे या सांगण्यांतील खुबी कळते. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा, दुसरा वेठकऱ्याच्या स्वतःच्या मर्जीचा. पहिल्या कोसांत तो दास असतो. दुसऱ्या कोसाला त्याला कोणी हुकूम केलेला नसतो. तेथें तो स्वतंत्र मनुष्य म्हणून चालतो, आणि गोंधळण्याची पाळी शिपायावर येते.

गालाच्या उदाहरणांतही असेंच आहे. तेथें उजव्या गालाचा स्पष्ट उल्लेख आहे. समोरच्या माणसानें उजव्या हातानें मारलें तर उजव्या गालावर बसते ती हाताच्या पाठीची चपराक. आणि ती इजा करण्यापेक्षां पाणउतारा करण्यासाठीं असते, असें पुष्कळ टीकाकारांनीं दाखविलें आहे. तशी चपराक खाल्लेल्या माणसापुढें सामान्यतः दोन वाटा असतात, उलट मारावें किंवा मान खालीं घालावी. येशूनें तिसरी दाखविली: मान वर ठेवावी, पळूं नये, आणि हातही उगारूं नये.

हा उपदेश ज्यानें केला त्याच्यावर स्वतः चपराक खाण्याचा प्रसंग आला, तेव्हां त्यानें काय केलें? योहानकृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत तो प्रसंग आहे. अटकेनंतर येशूला हन्नापुढें उभें केलें होतें. त्याच्या शिकवणीविषयीं प्रश्न झाले; आपण जें बोललों तें उघडपणें बोललों, ज्यांनीं ऐकलें त्यांनाच विचारावें, असें त्यानें सांगितलें. त्यावर जवळ उभ्या असलेल्या एका कामदारानें त्याला चपराक मारली. येशूनें शब्दशः दुसरा गाल पुढें केला नाहीं, आणि तो मुकाही राहिला नाहीं. आपलें बोलणें वाईट असेल तर तें सिद्ध करावें, आणि बरोबर असेल तर मारण्याचें कारण काय, असा सरळ प्रश्न त्यानें मारणाऱ्याला केला. त्या प्रश्नांत शिवी नाहीं, शाप नाहीं, गयावयाही नाहीं. अन्यायाला अन्याय म्हटलेलें आहे, आणि मारणाऱ्याच्या विवेकबुद्धीचें दार ठोठावलेलें आहे. वधस्तंभावर मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागणारा आणि हन्नासमोर जाब विचारणारा पुरुष एकच, हें विसरून चालत नाहीं.

पौलाचें उदाहरण याहून अधिक संसारी आहे. फिलिप्पै नगरांत त्याला व सीला याला चौकशीवांचून छड्या मारून तुरुंगांत टाकण्यांत आलें. रात्रीं भूकंप होऊन दारें उघडलीं, तरी ते पळाले नाहींत. उलट कैदी पळाले असें समजून जीव देऊं पाहणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याला पौलानें हांक मारून वांचविलें. दुसऱ्या दिवशीं अधिकाऱ्यांनीं निरोप पाठविला कीं, दोघांना मुकाट्यानें सोडून द्यावें. पौल म्हणाला, तें चालणार नाहीं. रोमी नागरिकाला चौकशीशिवाय उघड्यावर मारलें आणि आतां चोरून बाहेर काढतां काय? अधिकाऱ्यांनीं स्वतः यावें. आणि त्यांना यावें लागलें. मारणाऱ्याच्या नोकराचा जीव वांचविणारा पौल आपल्या हक्काचें एक अक्षरही सोडीत नाहीं. मात्र हाच पौल दुसऱ्या एका प्रसंगीं संयम सुटून बोललेला आहे. यरुशलेमांत प्रमुख याजक हनन्या यानें त्याच्या तोंडावर मारण्याचा हुकूम केला, तेव्हां चुना फांसलेल्या भिंतीची उपमा देऊन त्यानें त्याला फटकारलें. समोरचा पुरुष प्रमुख याजक आहे हें कळल्यावर लागलीच आवरतेंही घेतलें. ग्रंथकर्त्यानें हा प्रसंग लपविला नाहीं. आत्मसंयम हा जन्मतः मिळालेला स्वभाव नसून सराव आहे, हें त्यावरून दिसतें.

हा सराव महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर एका स्त्रीनें जन्मभर केला. तिचें नांव पंडिता रमाबाई. २३ एप्रिल १८५८ रोजीं जन्मलेल्या या विदुषीनें दुष्काळांत आईबाप गमावले, कलकत्त्यास १८७८ मध्यें 'पंडिता' व 'सरस्वती' हे बहुमान मिळविले, आणि १८८२ च्या आरंभीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, पदरांत तान्ही मुलगी असतां तिला वैधव्य आलें. त्याच वर्षीं पुण्यास येऊन रमाबाईंनीं आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या आणि तेथें वाँटेज येथें २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती झाल्याबरोबर त्यांच्या सोशिकपणाची परीक्षा सुरू झाली, आणि पहिले परीक्षक ख्रिस्तीच होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयांत शिकत असतां त्यांनीं हिंदुस्थानांत जाणाऱ्या इंग्रज तरुणांना शिकवावें, अशी एक सूचना पुढें आली. धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली: स्त्रीनें पुरुषांना शिकविलें तर हिंदुस्थानांत तिच्याविषयीं गैरसमज होईल. ज्या बाईनें लहानपणापासून पुराणें सांगत देशभर प्रवास केला आणि पुरुषांच्या भरसभांतून व्याख्यानें दिलीं, तिला हिंदुस्थानांतील रिवाज दुसऱ्यांनीं शिकवावा, हें तिला लागलें. तिच्या प्रश्नांना अहंकार म्हटलें गेलें. धर्ममतांविषयीं शंका विचारल्यावर आज्ञापालनाचा उपदेश झाला. रमाबाईंनीं आपलें म्हणणें पत्रांतून स्वच्छ मांडलें. एका पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविल्यावर तसलेंच दुसरें चढवून घेण्याची आपली तयारी नाहीं, इतक्या निःसंदिग्ध शब्दांत त्यांनीं कळविलें. हीं पत्रें पुढें १९७७ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. तीं वाचतांना एक गोष्ट मनाला भिडते. ज्या भगिनी जेराल्डिन यांच्याशीं हा वाद चालला होता, त्यांना रमाबाई प्रेमानें 'आजीबाई' म्हणत. मत तसूभर ढळलें नाहीं, आणि नातेंही तुटलें नाहीं. पुढें मनोरमेच्या शिक्षणाच्या काळांतही तो संबंध टिकला.

दुसरी परीक्षा स्वदेशांत झाली. अमेरिकेंत मिळविलेल्या साहाय्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन निघालें; पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. उच्चवर्णीय विधवांना तेथें आपापला आचार पाळून शिकतां यावें, अशी व्यवस्था होती. न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे गृहस्थ सल्लागार होते. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, आणि कांहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसत. यावरून वादळ उठलें. सदनांत धर्मांतराची तयारी चालली आहे, असा आरोप झाला. 'केसरी'नें कडक टीका केली. १८९३ मध्यें सल्लागारांनीं संबंध सोडला आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. दिलेल्या वचनाचा भंग झाला कीं नाहीं, याविषयीं अभ्यासकांत आजही दोन मतें आहेत, आणि पालकांची भीति समजण्यासारखी होती, हें मान्य केलें पाहिजे. परंतु संस्थेबरोबर एका स्त्रीच्या हेतूवर जी चिखलफेक झाली तिचा न्याय कोणत्याही मतानें करतां येत नाहीं.

रमाबाईंनीं दार बंद केलें नाहीं आणि शाळाही बंद केली नाहीं. आपण ख्रिस्ती आहों हें आपण कधीं लपविलें नाहीं, आपल्या खोलींत कोणाला बोलावीत नाहीं आणि आलेल्याला हांकलीतही नाहीं, ही भूमिका त्यांनीं उघड ठेवली आणि उरलेल्या मुलींना घेऊन काम चालूं ठेवलें. त्याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं गोदूबाई यांच्याशीं ११ मार्च १८९३ रोजीं, म्हणजे वादळाच्याच वर्षीं, धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला. पुढें १८९६ मध्यें कर्व्यांनीं विधवांसाठीं आपला आश्रम काढला, आणि या बाया कर्वे त्याच्या आधार झाल्या. ज्या समाजानें शारदासदनाकडे पाठ फिरविली, त्याच समाजाच्या मुलींचें भाग्य शारदासदनांतून निघालेल्या धाग्यानें जोडलें गेलें.

परंतु खरी कसोटी चार वर्षांनीं लागली. १८९७ मध्यें पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें. घरोघर झडत्या झाल्या. गोरे सोजीर आजघरापर्यंत शिरले. ज्या शहरानें रमाबाईंना इतकें बोललें, त्या शहरावर ही आपत्ति होती. आणि राज्य होतें ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचें. सूडाची वृत्ति असती तर गप्प बसणें पुरेसें होतें. रमाबाई गप्प बसल्या नाहींत. प्लेगच्या इस्पितळांत व छावणींत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनीं 'बाँबे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रांत जाहीरपणें लिहिलें. सरकारनें आरोप नाकारले. पण एका ख्रिस्ती बाईनें पुण्याच्या हिंदु स्त्रियांसाठीं राज्यकर्त्यांना जाब विचारला, ही नोंद इतिहासांत राहिली. स्वतःवरील टीका त्यांनीं सोसली. दुसऱ्यांवरील अन्याय सोसला नाहीं. नाथांच्या दोन कथांतून जें दिसलें तेंच येथें पुन्हां दिसतें.

त्यानंतरचा इतिहास प्रसिद्धच आहे. दुष्काळांत होरपळलेल्या मध्यप्रांतांतून, आणि १९०० च्या सुमारास गुजराथेंतून, त्यांनीं शेंकडों निराधार स्त्रिया व मुलें केडगांवास आणलीं. मुक्तीची वस्ती हजाराच्या वर गेली. तेथें शेती होती, विणकाम होतें, आंधळ्यांसाठीं शिक्षण होतें, स्त्रियांनीं चालविलेला छापखाना होता. ग्रीक व हिब्रू शिकून रमाबाईंनीं सगळ्या बायबलाचें मराठींत भाषांतर केलें. आणि १९२१ मध्यें एकुलती मुलगी मनोरमा गेल्यावरही तें काम सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, तेव्हां भाषांतर पुरें झालें होतें. अन्यायामुळें मनांत सांचणारी ऊर्जा कोठें वळवावी, याचें उत्तर केडगांवच्या मळ्यांत आणि छापखान्यांत सांपडतें.

रमाबाईंचें क्षेत्र सार्वजनिक होतें. बहुतेकांच्या वाट्याला येणारा अन्याय चार भिंतींच्या आंतला असतो, आणि त्याविषयीं लक्ष्मीबाई टिळकांसारखी गुरु दुसरी नाहीं. १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त सासऱ्यांचा जाच आहे, पति नारायण वामन टिळक यांचा तापट व लहरी स्वभाव आहे, आणि १८९५ मध्यें ते ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यापासून झालेला वियोगही आहे. पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० मध्यें स्वतः ख्रिस्ती झाल्या. इतकें सोसलेल्या बाईचें आत्मचरित्र कडवट असावें अशी अपेक्षा करून पुस्तक उघडणारा वाचक हंसूं लागतो. लक्ष्मीबाई कांहीं लपवीत नाहींत. जें घडलें तें घडलें तसें सांगतात. मात्र सांगतांना विषारी शब्द येत नाहीं, आणि हंसण्याची पहिली पाळी बहुधा त्या स्वतःवरच घेतात. क्षमा म्हणजे विसर, असें पुष्कळ समजतात. 'स्मृतिचित्रें' हें दाखवितात कीं, सगळें लख्ख आठवत असतांही आठवणींतील विष काढून टाकतां येतें.

ही विद्या साध्य कशी व्हावी? नव्या करारांत तिच्या पायऱ्याही आहेत, आणि त्या श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी व्यवहारास उपयोगी पडणाऱ्या आहेत. पहिली पायरी वेळेची. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत सूर्य मावळण्यापूर्वीं राग निवळावा अशी मर्यादा घातली आहे. राग येऊं नये असें तेथें म्हटलेलें नाहीं. त्याला मुक्कामाला जागा देऊं नये, असें म्हटलें आहे. दुसरी पायरी बोलण्याची. मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत क्रम दिला आहे: ज्यानें अपराध केला त्याला आधीं एकांतांत भेटून सांगावें, ऐकलें नाहीं तर एकदोघांना बरोबर न्यावें, तरीही ऐकलें नाहीं तर मंडळीपुढें न्यावें. संसारांत बहुधा हा क्रम उलटा चालतो. तक्रार आधीं साऱ्या चाळीला कळते, मग नातेवाइकांना, आणि ज्याच्याविरुद्ध ती असते त्याच्या कानांवर सर्वांत शेवटीं, तीही तिखटमीठ लागून. क्रम सुलटा ठेवला तर निम्मीं भांडणें पहिल्या पायरीवरच संपतील. तिसरी पायरी अपराध्याचें हित इच्छिण्याची. ख्रिस्ती मनुष्य तें प्रार्थनेनें करतो. ज्याच्यासाठीं रोज देवापाशीं कांहीं मागावें लागतें, त्याचा द्वेष फार दिवस टिकवून धरणें मनाला जड जातें.

एवढें सांगून झाल्यावर एक धोका सांगितलाच पाहिजे. सहनशीलतेचा उपदेश बलवानाच्या तोंडून दुर्बलाला होऊं लागला म्हणजे तो धर्म राहत नाहीं. पेत्राच्या पहिल्या पत्रांत कठोर धन्याचाही जाच सोसणाऱ्या दासांना ख्रिस्ताच्या दुःखाची आठवण देऊन धीर दिला आहे. अमेरिकेंत १८६५ पर्यंत गुलामगिरी कायद्यानें चालली, तेव्हां गुलामांच्या मालकांनीं अशाच वचनांचा चाबूक केला. त्या गुलामगिरींतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यानें १८४५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत ख्रिस्ताचा धर्म निराळा आणि गुलामांच्या मालकांचा धर्म निराळा, असें बजावून सांगितलें. मार खाणाऱ्या सुनेला सोसण्याचा सल्ला देणारी सासू आणि पगार बुडविणारा, पण नोकराला समाधान शिकविणारा मालक, हे त्याच वर्गांतले. दुसरा कोस चालण्याचा निर्णय वेठीला धरलेल्यानें घ्यावयाचा असतो. शिपायानें तो मागतां कामा नये. सहनशीलता हें स्वतःला लावण्याचें औषध आहे. दुसऱ्याला लिहून देण्याचा तो उतारा नव्हे. दुसऱ्यावर अन्याय होत असेल तेव्हां पाहणाऱ्याचें कर्तव्य त्याला सोसायला शिकविण्याचें नसून मारणाऱ्याचा हात धरण्याचें आहे, आणि पुण्याच्या प्लेगांत रमाबाईंनीं तेंच केलें.

तेव्हां सोसणें आणि शरण जाणें यांतील भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. जो शरण जातो तो सत्य सोडतो, आणि बहुधा मनांत सूड ठेवतो. संधि सांपडली कीं तो बाहेर येतो. जो ख्रिस्ती अर्थानें सोसतो तो सूड सोडतो आणि सत्य धरून ठेवतो. त्याला जाब विचारतां येतो, हक्क मागतां येतो, न्यायमंदिराची पायरीही चढतां येते. फक्त हें सर्व करतांना समोरच्याचें वाईट व्हावें ही इच्छा त्याच्यापाशीं नसते. उद्यां कचेरींत, शाळेंत किंवा घरांत विनाकारण बोल लागला, तर उत्तर देण्यापूर्वीं दोन प्रश्न मनाला विचारावे: जें बोलावयाचें तें खरें आहे काय, आणि तें बोलण्यानें दोष सुधारावा अशी इच्छा आहे कीं दुखवावें अशी? पहिल्याचें उत्तर होकारार्थी आलें आणि दुसऱ्याचें स्वच्छ आलें, तर निर्भयपणें बोलावें. दुसऱ्याचें उत्तर स्वच्छ येत नसेल, तर सूर्य मावळायला अजून अवकाश आहे. तोंपर्यंत थांबावें, आणि मग बोलावें.